गणित ठेवायचं की सोडायचं?



दहावीचा निकाल लागला की गट ऑफिसवर ऊसनोंदीच्या जोडीला दुसऱ्याच चौकशा सुरू होतात. "साहेब, पोराला सायन्सला घालायचंय, कुठलं कॉलेज बरं?" असे आम्हांस दरवर्षी पुष्कळ जण विचारतात. "त्याला कुठले विषय झेपतील?" असे विचारणारा सभासद मात्र विरळा. कॉलेजचे नाव गाजलेले असले, राहण्याजेवणाची सोय असली, एखाद्या पाहुण्याचा मुलगा तिथून डॉक्टर झालेला असला, की आपले समाधान होते. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रात ऑनलाईन झाले. शाखा आणि कॉलेजांचा पसंतीक्रम तालुक्याच्या नेट कॅफेत भरला जातो, आणि विषय कॉलेजात प्रवेश पक्का करताना, काउंटरवर उभ्याउभ्या, पुढच्या मुलाने काय लिहिले आहे ते बघून.

उसाच्या बाबतीत आपण असे कधी वागत नाही. लागणीआधी जमीन निचऱ्याची आहे की चोपण, पाणी मे महिन्यात टिकते की नाही, हे बघतो. को ८६०३२ लावायचा की फुले २६५, यावर पारावर तासभर वाद घालतो. चोपणात २६५ तगतो म्हणून तो चांगला, पण म्हणून सगळ्यांनी सगळीकडे तोच लावावा असे कोणी शहाणा सांगत नाही. पोराच्या दोन वर्षांची लागण मात्र आपण दहा मिनिटांत उरकतो. ती कशी बघून करावी, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहिला आहे.

निम्मे गुण कुठे आहेत ते आधी बघा

पूर्वी, म्हणजे प्रवेश परीक्षा येण्याआधी, बारावीच्या मार्कांवरच इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या याद्या लागत. आपल्यातील पन्नाशीच्या पुढच्या मंडळींच्या डोक्यात अजून तोच हिशेब आहे. "सोपा विषय घे, मार्क ओढ, टक्का वाढव" हा सल्ला त्या काळाला ठीक होता. आता चित्र पालटले आहे. मेडिकलसाठी नीट, आयआयटी-एनआयटीसाठी जेईई, आणि आपल्या राज्यातील इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी यांसाठी एमएचटी-सीईटी. बारावीचे मार्क या ठिकाणी उंबरठ्यापुरते लागतात. राज्यातील इंजिनिअरिंगला खुल्या गटातून ४५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी या तीन विषयांत मिळून ५० टक्के, आणि आरक्षित गटांना ४० टक्के. उंबरठा ओलांडला की पुढची रांग परीक्षेच्या गुणांवर लागते. तेव्हा सोपा विषय घेऊन बारावीला चार टक्के जादा मिळाले, तरी त्या चार टक्क्यांना या बाजारात भाव नाही. बीएस्सीला मात्र पुष्कळ कॉलेजांत अजूनही बारावीच्या गुणांवरच यादी लागते, तिथे तो भाव आहे. हा फरक ध्यानात ठेवावा.

आता परीक्षांचे गुण कसे वाटलेले आहेत ते बघा, कारण खरी मेख तिथे आहे.

एमएचटी-सीईटीचा गणिताचा गट, ज्याला पोरं पीसीएम म्हणतात, तो २०० गुणांचा. त्यात फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, आणि एकट्या गणिताला १००. गणिताचे ५० प्रश्न आणि प्रत्येकाला २ गुण. म्हणजे गणित हा तीन विषयांतला एक विषय नव्हे, तो अर्धा आहे. जीवशास्त्राच्या गटात, म्हणजे पीसीबीत, हाच मान बायॉलॉजीला आहे, २०० पैकी १००. नीट ७२० गुणांची. त्यात बायॉलॉजीचे ९० प्रश्न, ३६० गुण. पुन्हा निम्मे. फक्त जेईई मेन तेवढी समसमान आहे, ३०० गुणांत तिन्ही विषयांना शंभर-शंभर.

याचा अर्थ असा की, "गणित की जीवशास्त्र" हा प्रश्न डॉक्टर की इंजिनिअर एवढाच नाही. आपल्या पोराचे निम्मे गुण कुठल्या विषयातून निघणार आहेत, हे त्यात ठरते. आम्ही अशी मुले पाहिली आहेत की ज्यांनी वडिलांच्या इच्छेखातर गणित घेतले, फिजिक्स-केमिस्ट्री मन लावून केले, आणि गणित "निघून जाईल" म्हणून बाजूला ठेवले. ते निघून गेले नाही. दोनशेतल्या शंभरावर पाणी सोडून उरलेल्या शंभरात कितीही मजल मारली तरी चांगल्या सरकारी कॉलेजची ब्रँच हाती लागत नाही.

उलट बाजूचीही एक समजूत आहे, ती आधी काढून टाकावी. "बायॉलॉजी घेतलं म्हणजे गणितातून सुटलो." सुटका नाही. राज्य मंडळाचे अकरावीचे फिजिक्सचे पुस्तक उघडून बघा. दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे, त्यात सदिश आणि कलन येते. गणित सोडलेल्या मुलालाही तो धडा करावाच लागतो, आणि शेजारी गणिताचे मास्तर नसताना करावा लागतो. नीटमध्ये फिजिक्सला १८० गुण आहेत आणि त्यातले बरेच आकडेमोडीचे. नीटला आणि जेईईला चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, बरोबर असले तर ४ मिळतात आणि चुकले तर १ जातो. सीईटीला तशी कापणी नाही. ज्याला आकडेमोडीचा धसका आहे त्याने सीईटीत अंदाजाने ठोकले तर चालते, नीटला ते अंगाशी येते.

दहावीच्या टक्क्यांतली गोम

आता दहावीच्या निकालपत्राकडे वळू. आपल्याकडे ९३ टक्के म्हटले की गावात पेढे वाटले जातात, फ्लेक्स लागतो. लागो बापडा. पण विषय निवडताना त्या टक्क्यावर विसंबू नये. २०१० सालापासून दहावीला सहापैकी उत्तम पाच विषयांची सरासरी धरली जाते. समजा, एका मुलीला मराठीत ९४, हिंदीत ९५, समाजशास्त्रात ९६, इंग्रजीत ९० आणि विज्ञानात ९२ आहेत. पाचांची बेरीज ४६७, टक्केवारी ९३.४०. निकालपत्रावर हे झळकते. सहावा विषय गणित, त्यात ६१. तो टक्केवारीत आलाच नाही! शिवाय त्या ६१ मध्ये २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि शाळा ते सढळ हाताने देतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ते वजा केले तर लेखी परीक्षेत ८० पैकी ४१. निम्म्याच्या जेमतेम वर.

ही मुलगी हुशार नाही असे कोण म्हणेल? पण तिला ९३ टक्के पडले म्हणून पीसीएम गटात घालणे, म्हणजे शेजाऱ्याचे टनेज बघून आपल्या खडकाळ तुकड्यात तोच ऊस लावण्यासारखे आहे. खेळाचे आणि कलेचे जादा गुण मिळाले असतील तर तेही वेगळे काढून बघावेत. खेळात प्रावीण्य ही मोठीच गोष्ट, पण कबड्डीचे गुण त्रिकोणमितीला मदत करीत नाहीत.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. गणित भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, दोन्ही ४०-४० गुणांचे पेपर. शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना विचारावे की पोराची गाडी कुठे अडते. बीजगणितात अंकगणिती श्रेढी आणि जीएसटी-शेअर्सचे अर्थनियोजन जमते, पण वर्गसमीकरण अडते, असे असेल तर काळजीचे आहे. भूमितीत प्रमेय पाठ केलेले आहे पण रायडर सुटत नाही, असे असेल तर जास्त काळजीचे आहे. अकरावीच्या गणिताच्या पहिल्या भागाची सुरुवातच कोन आणि त्रिकोणमितीने होते. जे दहावीत शेवटी घाईघाईने शिकवले गेले, तेच तिथे पहिल्या महिन्यात गृहीत धरतात. निकाल लागण्याआधी दीड-दोन महिन्यांची सुट्टी असते. त्या सुट्टीत एकदा पोराला अकरावीच्या पुस्तकाचे पहिले दोन धडे स्वतःच्या स्वतः करू द्यावेत. बालभारतीची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. दोन धड्यांत त्याचे त्यालाच कळते. हा सर्वांत स्वस्त आणि खरा माती-परीक्षणाचा रिपोर्ट आहे. कल-चाचणी म्हणून हजारो रुपये घेऊन रंगीत कागद देणारे लोक आता तालुक्यापर्यंत आले आहेत. आमचा त्यांच्यावर फारसा भरवसा नाही.

चारही विषय घ्यावेत का?

मागच्या उन्हाळ्यात एका गट ऑफिसच्या ओसरीवर आजोबा आणि नातू बसले होते. त्यांचे बोलणे आमच्या कानी आले.

"आबा, मी गणित सोडणार हाय. मला डॉक्टर व्हायचंय."

"आरं व्हय की. पर न्हाई झालास तर?"

"होणार म्हंजे होणार."

"व्हशील रं. मी कुठं न्हाई म्हंतोय? पर न्हाई झालास तर काय करशील, त्ये सांग की."

नातू गप्प बसला. आबा चौथी शिकलेले. पण प्रश्न त्यांनी लाखाचा विचारला.

गणित सोडले की जे दरवाजे बंद होतात ते असे. इंजिनिअरिंग गेले. आर्किटेक्चर गेले. कृषी महाविद्यालयातील कृषी अभियांत्रिकी गेली. खडकवासल्याच्या एनडीएत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण हवाईदल आणि नौदलाला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागते. ते गेले. बायॉलॉजी सोडले की मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, पशुवैद्यक हे सारे नीटचे क्षेत्र गेले. (२०२३ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून बायॉलॉजी पास झालेल्यांनाही नीटची वाट मोकळी केली आहे. म्हणजे ते दार अगदीच कुलूपबंद राहिलेले नाही, पण त्यात एक वर्ष खर्ची पडते.) फार्मसी आणि बीएस्सी कृषी यांना मात्र दोन्हींपैकी कोणताही गट चालतो. हे पुष्कळांना ठाऊक नसते. "ॲग्रीला जायचंय म्हणून बायॉलॉजीच हवं" असे समजून गणितात चांगली असलेली मुले उगाच गणित सोडतात.

मग सोपा उपाय म्हणून लोक चारही विषय घेतात, पीसीएमबी. यावर आमचे मत दोन्हीकडे झुकते. चारही विषय म्हणजे तीन प्रयोगशाळा, तीन जर्नल, आणि गणिताचा रोजचा सराव. जो मुलगा एसटीने रोज पंचवीस किलोमीटर जातो आणि संध्याकाळी घरी येऊन जनावरांची वैरण बघतो, त्याला हे ओझे आहे. दुसऱ्या बाजूने, पंधरा वर्षांच्या पोराला आपण काय होणार हे नक्की ठाऊक असते, हे आम्हांस पटत नाही. ज्या मुलाचे दहावीचे लेखी गणित चांगले आहे, त्याने अकरावीला चारही ठेवावेत आणि सहामाहीनंतर विचार करावा, असे आम्ही सांगतो. ज्याचे लेखी गणित ८० पैकी ४० च्या आसपास आहे, त्याने चार ठेवून चारही कच्चे करू नयेत.

चारही विषय ठेवणाऱ्याला आणखी एक वाट मिळते, आणि तिची चर्चा आपल्या भागात अजिबात नाही. पुण्यात पाषाणला आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था २००६ साली निघाली. तिथे संशोधनाचे शिक्षण मिळते. तिच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात आणि चारही विषयांना प्रत्येकी १५. तीन विषय घेतलेल्यालाही बसता येते, पण पंधरा प्रश्न कोरे सोडून किंवा अंदाजाने मारून बसावे लागते. ज्या मुलाला डॉक्टरही व्हायचे नाही, इंजिनिअरही व्हायचे नाही, पण प्रयोगशाळेत तासन्‌तास रमतो, अशा मुलाच्या बापाने हे नाव लिहून ठेवावे.

त्या आबांच्या नातवाने चारही विषय घेतले. अकरावीच्या सहामाहीत त्याला गणितात सगळ्यांत जास्त पडले. आता तो काय करणार ते त्याला अजून ठरवायचे आहे, आणि आबांचीही घाई नाही.

बायफोकलविषयी

बायफोकल म्हणजे २०० गुणांचा व्यवसाय विषय. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, काही ठिकाणी पीक शास्त्र, दुग्धव्यवसाय. साधारणपणे दुसरी भाषा आणि बायॉलॉजी यांच्या जागी तो घेतला जातो. प्रात्यक्षिकाचा वाटा मोठा, मार्क चांगले पडतात, वेळ वाचतो. इंजिनिअरिंगचे पक्के ठरले असेल तर हा सौदा वाईट नाही. पण घेताना "याने बारावीला टक्के वाढतील" एवढेच बघितले जाते आणि नीटचे दार बंद झाले हे बारावीच्या दिवाळीत कळते. प्रत्येक कॉलेजात कोणता विषय कशाच्या बदली आहे हे वेगळे असू शकते. ते कॉलेजच्या ऑफिसात लेखी बघून घ्यावे. कारकुनाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

इंग्रजीचा उंबरा

आपल्या कार्यक्षेत्रातील बहुतेक मुले मराठी माध्यमातून येतात. काही शाळांत सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. अकरावी सायन्सला एकदम सगळे इंग्रजीत. जून-जुलैत पोरगं गप्पगप्प राहू लागते. दहावीला शाळेत पहिला आलेला मुलगा वर्गात हात वर करीत नाही. "काय झालं रं?" म्हटले तर "काय न्हाई" म्हणतो. पुष्कळदा त्याला विषय येत असतो, शब्द येत नसतो. 'श्रेढी' त्याला पक्की येते, 'प्रोग्रेशन' म्हटले की तो बिचकतो.

येथे पालकांनी घाबरून विषय बदलू नये. कच्चा विषय वेगळा आणि कच्ची भाषा वेगळी. भाषा तीन-चार महिन्यांत वर येते. मराठी माध्यमाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात शास्त्रीय शब्दांपुढे कंसात इंग्रजी शब्द दिलेले असतात. सुट्टीत ते एका वहीत उतरवून काढले तरी जुलै निम्मा सोपा जातो. नीट आणि जेईई मेन आता मराठीतूनही देता येते, हेही सांगून ठेवतो. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते. पण दोन वर्षे पुस्तके आणि शिकवणे इंग्रजीत, आणि पेपर मराठीत, असे केले तर परीक्षेत अनोळखी मराठी पारिभाषिक शब्दांशी झुंजत बसावे लागते. आधी एखादी सराव परीक्षा मराठीतून देऊन बघावी, मगच फॉर्मवर मराठी लिहावे.

क्लासवाले आणि बारावीचे मार्क

आता थोडे क्लासविषयी. लातूरच्या कॉलेजांनी सतत चाचण्या घेऊन मुले घडविण्याची जी पद्धत पाडली, तिचे नाव 'लातूर पॅटर्न' म्हणून गाजले, आणि त्यात तथ्य होते. पुढे त्या नावाची दुकाने गावोगाव निघाली. आज कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये हजेरी, असा 'इंटिग्रेटेड' प्रकार फार बोकाळला आहे. दोन वर्षांची फी ऐकली तर एका एकराचे उसाचे बिल त्यात जाते आणि वर खोडव्याचेही जाते. आम्ही फी देऊ नका असे म्हणत नाही. पण दोन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, प्रात्यक्षिके होतात का? फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीला बारावीत ३०-३० गुणांची प्रात्यक्षिके असतात. जर्नल दुसऱ्याचे उतरवून मार्क मिळतील, पण प्रयोग न बघितलेला मुलगा पुढे पहिल्या वर्षाला अडखळतो.

दुसरी, बारावीच्या बोर्डाची तयारी कोण करून घेणार? वर आम्ही उंबरठ्याचे आकडे दिले. आयआयटी आणि एनआयटीचा उंबरठा त्याहून उंच आहे. बारावीला ७५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ६५, किंवा आपल्या बोर्डातील वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये यावे लागते. जेईईचा रँक आला आणि बारावीला ७१ टक्के पडले म्हणून जागा गेली, असे होऊ शकते. क्लासच्या जाहिरातीत ही ओळ नसते.

परीक्षेचा अभ्यासक्रमही वेगवेगळा आहे. सीईटीला राज्य मंडळाची पुस्तके, त्यात सुमारे २० टक्के भार अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. नीट आणि जेईईला अकरावी-बारावी दोन्ही सारखीच, आणि एनसीईआरटीची पुस्तके पायाला लागतात. ही पुस्तके स्वस्त आहेत. क्लासच्या जाडजूड नोट्स घेण्याआधी ती घरी आहेत का, ते बघावे. ज्याला फक्त राज्यातल्या कॉलेजात इंजिनिअरिंग करायचे आहे, त्याने जेईई ॲडव्हान्स्डच्या पातळीचा क्लास लावून स्वतःला दमवू नये. जेईई मेनमधून वरचे अडीच लाखच ॲडव्हान्स्डला बसतात. त्या तयारीचा चटका वेगळा असतो आणि तो सोसणारे मूल वेगळे असते.

वर्ष वाया घालविण्याबद्दल, म्हणजे 'ड्रॉप'बद्दल. ॲडव्हान्स्डला लागोपाठ दोनच वर्षे बसता येते. नीटला अशी मर्यादा नाही, म्हणून तिथे तिसरा-चौथा ड्रॉप घेणारी मुलेही दिसतात. एक वर्ष समजू शकतो, गुण थोडक्यात हुकले असतील तर त्याचे सोने होते. पण निम्म्या गुणांचा विषयच कच्चा असेल तर खोडव्यावर खोडवा घेऊन टनेज वाढत नाही, हे उसवाल्याला आम्ही काय सांगावे?

दुसऱ्या वाटा

सायन्सला न जाणारा पोरगा वाया गेला, ही आपल्याकडची एक खुळी समजूत आहे. ज्याचे हात चालतात, यंत्र खोलायची हौस आहे, पण पुस्तक घेऊन चार तास बसणे नको वाटते, त्याने दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करावा. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सीईटी नाही, जेईई नाही. आणि मध्येच घरची अडचण आली तर हातात डिप्लोमा असतो. बारावी सायन्स काठावर पास झालेल्या पोराच्या हातात काय असते?

वाणिज्य शाखेतही असाच निवडीचा प्रश्न येतो, तो म्हणजे गणित की एसपी, चिटणिसाची कार्यपद्धती. बहुतेक मुले डोळे झाकून एसपी घेतात. सीएला गणित सक्तीचे नाही, हे खरे. पण पुढे संख्याशास्त्र, विमा, बँकिंग यांत जायचे असेल तर वाणिज्याचे गणित उपयोगी पडते, आणि ते सायन्सच्या गणितापेक्षा हलके असते. ज्याला दहावीत साठ-पासष्ट आहेत, त्याला ते झेपावे.

आपल्याच धंद्यात पोरगा आणायचा असेल तर कृषीची पदवी आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आपल्या राज्यात आहेत. कृषी प्रवेशात शेतकरी कुटुंबाला सातबाऱ्यावरून जादा भार देण्याची रीत आपल्याकडे चालत आलेली आहे. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नियम वाचून सातबारा वेळेत काढून ठेवावा. आणि साखरेचे तंत्र शिकायचे असेल, तर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५) आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था (स्थापना १९३६) आहेत. तिथल्या साखर तंत्रज्ञानाच्या अभ्यासाला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगचा पदवीधर लागतो. आपल्या उसाचा रस जिथे तपासला जातो त्या लॅबमध्ये आपलाच पोरगा केमिस्ट म्हणून बसावा, असे ज्यांना वाटते त्यांनी केमिस्ट्री कच्ची राहू देऊ नये.

मुलींविषयी स्वतंत्र लिहिण्याजोगे पुष्कळ आहे, येथे एवढेच. गणितात चांगली असलेल्या मुलीला "कॉलेज लांब आहे" म्हणून गावाजवळच्या आर्ट्सला घालण्याचे प्रकार अजून होतात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील ज्या घरांचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे, त्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केली आहे. अल्पभूधारकांच्या मुलामुलींना व्यावसायिक शिक्षणात राहण्याजेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता ही कागदपत्रे अकरावीतच मार्गी लावावीत. बारावीच्या जूनमध्ये तहसील कचेरीत आणि समाजकल्याणच्या दारात किती गर्दी असते, हे ज्यांनी रांग लावली त्यांना विचारा.

विषय बदलण्याबाबत शेवटी सांगतो. अकरावीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कॉलेजात अर्ज दिला तर विषय सहसा बदलून मिळतो. पुढे ते अवघड होत जाते, आणि बारावीत नवा विषय घेणे तर फारच अवघड, कारण अकरावीचा पाया झालेला नसतो. सोडणे सोपे, धरणे कठीण. म्हणून ज्यांचे मन डळमळते आहे त्यांनी पहिल्या दिवशी जास्तीचा विषय लिहावा. पहिल्या घटक चाचणीचा पेपर हाती आला की आई-वडिलांनी पोराला घेऊन कॉलेजात जावे, गणिताच्या आणि बायॉलॉजीच्या सरांना समक्ष भेटावे, आणि पोराच्या समोरच विचारावे. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, त्याआधी ही खेप करून घ्यावी. नंतर कोणालाच सवड राहत नाही.